झाड डिसेंबरात येतं, त्याची परीक्षा मे महिन्यात असते

"ताई, नमस्कार. आम्ही जालन्याचे. तीन वर्षांपूर्वी जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये आलो, तिसऱ्या मजल्यावर. सासूबाई आमच्याजवळ असतात, 74 वर्षांच्या आहेत. जुन्या घरी त्या दर नाताळाला सुरूची फांदी आणायच्या, तेलाच्या डब्यात वाळू भरून रोवायच्या आणि वर कापूस लावायच्या. फ्लॅटमध्ये आल्यापासून ते बंद झालं. मागच्या वर्षी मी नर्सरीतून 700 रुपयांना कुंडीतलं ख्रिसमस ट्री आणलं. नाताळात छान दिसलं. मग काळ्या प्लास्टिकच्या कुंडीसकट बाल्कनीत ठेवलं, रोज दोनदा पाणी घातलं, तरी खालून तपकिरी होत होत मे महिन्यात पार वाळून गेलं. लेक 9 वर्षांची आहे, ती फार रडली. यंदा आमचे हे म्हणतात, प्लास्टिकचंच घेऊ. ऑनलाइन 6 फुटी 2,200 रुपयांना आहे. लहानपणी मित्र त्यांच्या घरातल्या तेलाच्या डब्याला हसायचे, ते अजून त्यांच्या मनात आहे. लेक म्हणते, प्लास्टिक वाईट आणि फांदी तोडणं पाप. सासूबाई म्हणतात, 'आणा बाई, तुम्हाला काय आणायचं ते.' आमची बाल्कनी पश्चिमेला आहे, उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो. दिरांची मोसंबीची बाग आहे, तिच्या बांधावर सुरूची झाडं आहेत. आता तुम्हीच सांगा, खरं झाड घ्यावं का खोटं?"
जालन्याची एक सून

ताई,

पश्चिमेची बाल्कनी आणि उन्हाळ्यात टँकर. तुमचं पत्र वाचताना या दोन गोष्टींखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली. ख्रिसमस ट्री घ्यायला माणसं डिसेंबरात निघतात. हवा गार असते, बाजार सजलेला असतो, लेकरं हात धरून ओढत असतात, आणि त्या वेळी सगळीच झाडं चांगली दिसतात. मराठवाड्यात झाडाची परीक्षा मे महिन्यात होते, प्लास्टिकच्या झाडाचीसुद्धा. म्हणून खरं की खोटं हे ठरवायच्या आधी घरात सगळ्यांनी बसून एकाच प्रश्नाचं उत्तर द्या: जे झाड आपण आणू, ते येत्या मे महिन्यात कुठे असेल?

आधी लेकीबद्दल. तिला जवळ घेऊन सांगा की झाड तिच्यामुळे गेलं नाही आणि आईच्या हलगर्जीपणामुळेही गेलं नाही. नर्सरीत ज्याला "ख्रिसमस ट्री" म्हणून विकतात ते बहुतेक वेळा अरोकेरिया असतं. हे झाड मूळचं दक्षिण पॅसिफिक महासागरातलं, नॉरफोक बेट आणि न्यू कॅलेडोनियाकडचं. समुद्राचा दमट वारा खात वाढणारं. युरोपात नाताळाला सजवतात ते फर किंवा स्प्रूस. त्यांच्याशी याचं नातं लांबचं आहे. फांद्या मजल्यामजल्याने निघतात आणि झाड सरळ वर जातं, म्हणून आपल्याकडे त्याला हे नाव चिकटलं. आता या बेटावरच्या झाडाला तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवून, काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत उभं करा आणि पारा 42 अंशांवर जाऊ द्या. पानं करपायच्या आधी मुळं शिजतात. अशा वेळी आपण घाबरून पाणी वाढवतो. गरम मातीत सतत पाणी साचलं की मुळं कुजायला लागतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. वरून झाड तहानलेलं दिसतं, आपण अजून घालतो. तुम्ही हेच केलंत, आणि ते मायेपोटी केलंत.

आणखी एक आठवून पाहा. कुंडीतल्या मातीवर पांढरी खपली धरली होती का? बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्यातले क्षार असतात ते. कुंडीत ते साचत गेले की मुळांना त्रास होतो. आणि एकदा का त्याचा खालचा मजला वाळला, की तिथे नवी फांदी फुटत नाही. आंबा, लिंब छाटला तर फुटतो; हे झाड गेलेला मजला परत देत नाही. म्हणून ते खालून वर मरताना दिसतं आणि लेकराला जास्त लागतं.

माझ्याकडे एक अरोकेरिया 11 वर्षं होतं, तेव्हा हे सगळं मी ऐकीव सांगत नाही. संभाजीनगरला आमचं घर तळमजल्यावर, ओसरी पूर्वेला. सकाळचं ऊन दहापर्यंत, नंतर सावली. मातीची कुंडी एका मोठ्या कुंडीत उतरवलेली, दोन्हींच्या मधल्या फटीत वाळू, आणि उन्हाळ्यात ती वाळू ओली ठेवायची. रांजणाभोवती ओलं पोतं गुंडाळतात, तीच ही युक्ती. होळीपासून मृग निघेपर्यंत वर हिरवी शेडनेट. पाणी घालायच्या आधी बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप लावून ठेवायचं आणि ते पाणी पुरवून पुरवून वापरायचं. एवढं करूनही तिसऱ्या उन्हाळ्यात खालचा मजला गेला.

मग 2016 चा उन्हाळा आला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो. आमच्याकडेही नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता. मी तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत ओतत होते आणि शेजारची बाई रिकामा हंडा घेऊन फाटकातून जात होती. ती काही बोलली नाही. पण ते तांब्याभर पाणी ओतताना माझा हात अडखळला, तो अडखळल्याचं मला आजही आठवतं. झाड तेव्हा वाचलं. त्यानंतर मात्र टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या घराला मी कुंडीतलं अरोकेरिया घ्या असं कधी सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही. तुमच्या त्या बाल्कनीत ते दुसऱ्यांदाही मरेल, आणि लेक दुसऱ्यांदा रडेल.

ज्यांच्याकडे पूर्वेची ओसरी आहे, पाणी बरं आहे, आणि ज्यांना जिवंत झाडच हवंय, त्यांनी घेताना काय पाहायचं तेही सांगते, कारण अशी पत्रं बरीच येतात. झाड देठाशी धरून हलकं हलवा. बुंधा मातीत डुगडुगला तर ते जमिनीतून उपटून नुकतंच पिशवीत भरलंय, मुळं तुटलेली आहेत. सगळ्यात खालचा मजला हिरवा आहे का बघा. वरचा शेंडा नवा आणि पोपटी असेलच, विकणारा तोच दाखवतो. शेंडा मोडलेलं झाड फुकट दिलं तरी घेऊ नका, त्याला पुन्हा तसा सरळ शेंडा क्वचितच येतो. आपल्या नर्सऱ्यांत येणारी बरीचशी रोपं उरळी कांचनकडून किंवा आंध्रातल्या कडियमहून ट्रकने आलेली असतात, म्हणून आणल्याबरोबर दुसऱ्या कुंडीत हलवायची घाई करू नका. निदान दोन आठवडे सावलीत स्थिरावू द्या. म्हणजे 23 तारखेला धावतपळत जाण्यापेक्षा नोव्हेंबरअखेर घ्या. नुसती काळी माती भरू नका. ती ओली असली की पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळून मुळं ओढते. पोयटा, जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. घरात आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. फांद्या मऊ असतात, जड गोळे टांगू नका, आणि चंदेरी रंगाचा फवारा तर अजिबात मारू नका.

ऊन जास्त असलेल्या अंगणासाठी मोरपंखी बरी. तीही ख्रिसमस ट्री म्हणून विकतात, आणि आपल्या हवेत ती अरोकेरियापेक्षा चिवट निघते. अरोकेरिया जमिनीत लावायचं असेल तर घरापासून लांब लावा. त्याच्या मायदेशात ही झाडं 50-60 मीटरपर्यंत जातात. त्यांच्यातली एक जात, कुक पाइन, मोठी होताना विषुववृत्ताच्या दिशेला कलते. जगभरातली झाडं मोजून शास्त्रज्ञांनी हे 2017 मध्ये मांडलं. आपल्याकडे ती दक्षिणेला कलणार. कुणाच्या आवारात असं कललेलं झाड दिसलं तर माळ्याला बोल लावू नका.

आता तुमच्या यजमानांचं झाड.

प्लास्टिकचं घ्यायला मी नाही म्हणत नाही. पण 2,200 रुपयांचं 6 फुटी, फोटो बघून घेतलेलं, याला माझी हरकत आहे. ही चूक मी स्वतः केली आहे. मुलं लहान असताना बाजारातल्या एका दुकानातून घाईघाईत एक स्वस्त झाड आणलं. खोक्यावर हिरवंगार, दाट चित्र होतं. घरी उघडलं तर काठीला बाटली धुवायचे ब्रश खोचल्यासारखं दिसत होतं. तरी सजवलं, लेकरं खूश झाली. जानेवारीत ते पत्र्याखालच्या माळ्यावर टाकलं आणि विसरले. पुढच्या डिसेंबरात काढलं तेव्हा फांद्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, सोडवायला गेले की हिरवा भुगा हातात. दुसऱ्या वर्षी ते कचऱ्यात गेलं. दोन नाताळ, बस. मे महिन्यात पत्र्याखाली काय भट्टी असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

या झाडांत साधारण दोन प्रकारचं प्लास्टिक असतं. स्वस्त झाडाची पानं म्हणजे पीव्हीसीच्या पातळ पत्र्याच्या बारीक पट्ट्या, दोन तारांमध्ये पिळून बसवलेल्या. महाग झाडात पॉलिथिनची साच्यात ओतलेली पानं असतात. ती जाड, गोलसर, खऱ्या फांदीसारखी दिसतात आणि जास्त टिकतात. काही झाडं दोन्हींची मिळून असतात, दर्शनी भागात ओतीव पानं आणि आत पट्ट्या. ती मला पैशाच्या मानाने बरी वाटतात. झाड किती दाट आहे हे उंचीवरून कळत नाही. फांद्यांची टोकं किती आहेत ते विचारा. खोक्यावर "टिप्स" म्हणून आकडा लिहिलेला असतो. एकाच उंचीच्या दोन झाडांत ज्याचा आकडा मोठा ते भरगच्च. फांद्या बुंध्याला बिजागरीने जोडलेल्या असतील तर झाड छत्रीसारखं उघडतं-मिटतं आणि वर्षानुवर्षं चालतं. सुट्या फांद्या आकड्यात अडकवायच्या झाडात दर वर्षी एखादी तरी हरवते. बुड लोखंडी पाहिजे. प्लास्टिकचं तीन पायांचं बुड फरशीवर सरकतं, आणि लेकरू धावत आलं की झाड आडवं.

शक्यतो दुकानात जाऊन हाताने बघा. पानांवरून मूठ आवळून ओढा. हातात भुगा आला तर परत ठेवा. नाकाशी धरा, डोकं उठवणारा वास असेल तरी परत ठेवा. आणि 6 फूट घेऊ नका. झाडाची उंची बुडापासून शेंड्यापर्यंत मोजतात, वर तारा आणखी फूटभर जातो, आणि खाली घेर तीन-साडेतीन फुटांचा होतो. फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा, टीव्ही, सासूबाईंची खुर्ची ठेवून उरलेल्या जागेत 6 फुटी झाड कोंबलेलं दिसेल. तुम्हाला 5 फूट पुष्कळ झालं, आणि त्याच पैशात जास्त दाट मिळेल. जमिनीवर जुन्या वर्तमानपत्राचा गोल कापून घेर मांडून बघा, त्याभोवती सासूबाई काठी टेकत सहज वळू शकतात का ते बघा, मग ठरवा. घाई नसेल तर 26 तारखेनंतर बाजारात जा. उरलेला माल दुकानदार वर्षभर सांभाळायला तयार नसतो, भाव सोडतो.

लेक प्लास्टिक वाईट म्हणते, तिला उडवून लावू नका. तिच्याशी हिशेब करा, तिला आवडेल. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्ट या संस्थेने असा हिशेब मांडलाय. 2 मीटर उंचीचं प्लास्टिकचं झाड बनवून घरी येईपर्यंत साधारण 40 किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार हवेवर पडतो. शेतात वाढवून तोडलेलं तेवढंच खरं झाड कचरा डेपोत कुजलं तर साधारण 16 किलो, आणि चिरून मातीला दिलं किंवा जाळलं तर साडेतीन किलो. म्हणजे प्लास्टिकचं झाड निदान 10-12 नाताळ वापरलं तर ते मातीला दिलेल्या खऱ्याच्या बरोबरीला येतं. माझं झाड दोन नाताळ टिकलं, त्याचा हिशेब तीच करून सांगेल. आणि तिला हेही सांगा की युरोप-अमेरिकेत ही झाडं सहसा जंगलातून तोडून आणत नाहीत. आपल्याकडे ऊस लावतात तशी तिथे त्यांची शेती असते. 6-7 फुटांचं झाड व्हायला साधारण 7 ते 10 वर्षं लागतात, एक तोडलं की दुसरं लावतात. ती झाडं आपल्याकडे आणण्यात अर्थ नाही. आपला डिसेंबरही दुपारी 28-30 अंशांवर असतो, तोडलेलं फर आठवड्यात कोरडं पडेल.

प्लास्टिकच्या झाडात लोखंडी तार आणि प्लास्टिक एकमेकांत पिळलेलं असतं, म्हणून भंगारवालाही ते सहसा घेत नाही. मोडलं तरी ते जाळू नका, शेतातसुद्धा नाही. पीव्हीसी जळताना निघणारा धूर विषारी असतो. तेव्हा घ्यायचं ते एकदाच, आणि 12 वर्षं सांभाळायच्या तयारीनेच. जानेवारीत बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांचा सण झाला की, म्हणजे 6 तारखेनंतर, फडक्याने पुसा. फांद्या खालून वर मिटत न्या आणि जुन्या सुती साडीत गुंडाळा. ज्या खोक्यातून आलं त्यात ते परत कधीच बसत नाही, कोंबलं की तारा वाकतात. आणि मे महिन्यात ते पलंगाखाली किंवा आतल्या खोलीतल्या कपाटावर असू द्या. बाल्कनीत नको, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तर नकोच.

तुम्ही विचारलंत, खरं का खोटं. त्या "खोटं" शब्दाशी मी जरा थांबले. खोट्या झाडालाही जुना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत हंसाची पिसं हिरवी रंगवून, तारेला गुंडाळून ख्रिसमस ट्री बनवत. लोक जंगलातली कोवळी झाडं तोडतात याची काळजी तिथे तेव्हाही होती. खरं झाड सजवायची रीतही जर्मन मुलखातलीच, सोळाव्या शतकाच्या आसपासची. इंग्लंडात राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचं झाडाभोवतीचं चित्र 1848 मध्ये एका साप्ताहिकात छापून आलं आणि मग घरोघरी झाड गेलं. बायबलमधल्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, तारा आहे. सजवलेलं झाड नाही.

आणि तुमच्या जालन्याचं सांगायचं तर तिथे एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी काम उभं केलं, जवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे. त्या स्कॉटलंडात नाताळची सार्वजनिक सुट्टीसुद्धा 1958 पर्यंत नव्हती. तिथली जुनी प्रेस्बिटेरियन मंडळी, म्हणजे याच चर्चच्या पंथातली, हा सण पाळतच नसत. म्हणजे तुमच्या सासूबाईंनी डब्यात सुरू रोवला, वर मराठवाड्याचा कापूस लावला, ती कुणाची केलेली कच्ची नक्कल नव्हती. हाताशी होतं त्यातून आपल्या बायकांनी सण उभा केला. तुमच्या यजमानांना हे सांगा. मित्र हसले ते लेकराला लागतं आणि पन्नाशीपर्यंत लागत राहतं, ते मला कळतं. आमच्याही घरी डबाच होता. मला त्याची लाज वाटली नाही, कारण आमच्या मिशन कंपाउंडात सगळ्यांच्याच घरी डबा होता. ते एकटे पडले असतील.

सुरूची फांदी तुम्ही शेवटची कधी जवळून पाहिलीत? लेकीच्या हातात एक काडी द्या. ती जिला सुई म्हणेल ती खरं तर बारीक हिरवी डहाळी असते, पेरापेरांची. पानं म्हणजे त्या प्रत्येक पेराशी असलेले इवलेसे दात, डोळ्यांजवळ धरल्याशिवाय दिसत नाहीत. ती काडी एका पेरात उपटून पुन्हा बसवायची आणि समोरच्याला विचारायचं, कुठे तुटलीय सांग. आमचं निम्मं बालपण या खेळात गेलं. सुरू दिसतो सूचिपर्णी, पण त्या कुळातला नाही. तो फुलणारा वृक्ष आहे, आणि त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मातीत धरतात. बांधावर तो वारा अडवायला लावतात, मोसंबीची फुलं आणि कोवळी फळं झडू नयेत म्हणून. त्याच्या खालच्या फांद्या शेतकरी अधूनमधून काढतोच, नाहीतर सावली बागेवर येते. अशी फांदी आणली तर झाड मरत नाही. लेकीला बांधावर नेऊन ते दाखवा, जखम कुठे झाली आणि झाड कसं उभं आहे ते. त्यानंतर तिने पाप म्हटलं तर म्हणू द्या, तिच्या मनासारखं करा. आणि येत्या मृगात तिच्या हाताने तिथे एक रोप लावून घ्या. बाल्कनीत मेलेल्या झाडाची भरपाई जमिनीत व्हावी. तिथे ते पावसावर जगेल आणि काकांची नजर राहील.

शहरातल्या वाचकांनी मात्र रस्त्याकडेच्या किंवा बागेतल्या झाडाला हात लावू नये. नागरी भागातल्या झाडांसाठी राज्यात 1975 पासून कायदा आहे, आणि परवानगीशिवाय झाड तोडणं किंवा त्याला इजा करणं हा गुन्हा आहे.

तर माझं उत्तर असं. कुंडीतलं झाड या घरात नको. प्लास्टिकचं घ्या, 5 फुटी, बिजागरीचं, लोखंडी बुडाचं, तुमच्या यजमानांनी स्वतः दुकानात जाऊन हाताने पारखून. त्यांची ही इच्छा 40 वर्षांची आहे, ती नुसती हौस म्हणून मोडीत काढू नका. 2,200 च्या जागी थोडे जास्त गेले तरी चालतील, 12 वर्षांनी भागून बघा. यंदा नाही जमलं तर जानेवारीत घ्या, पुढच्या नाताळाला उघडा. आणि यंदा फांदी आणा. पुढच्या वर्षीही आणा, प्लास्टिकचं झाड घरात आलं तरी. ते हॉलमध्ये राहील. फांदी लहान, अडीच-तीन फुटांची, गव्हाणीशेजारी, सासूबाईंच्या खुर्चीवरून दिसेल अशी.

दिव्यांचं थोडक्यात सांगते, पण हे हलक्यात घेऊ नका. माळ एलईडीचीच. जुन्या बल्बच्या माळा तापतात, आणि वाळलेला सुरू सरपणासारखा पेट घेतो. कापूस तर त्याहून आधी. चिकटपट्टी लावून जोडलेली वायर वापरू नका. झोपताना आणि उपासनेला जाताना बटण बंद. मेणबत्त्या लावायच्या तर झाडापासून लांब, दुसऱ्या टेबलावर. डब्यातली वाळू रोज ओली करा, एक तांब्या पुरतो. 20-21 तारखेला आणलेली फांदी मग नववर्षाच्या उपासनेपर्यंत निभावते. तेवढं पाणी डिसेंबरात परवडतं.

"आणा बाई, तुम्हाला काय आणायचं ते." हे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून ऐकलंय. म्हातारं माणूस रागावलं की असं बोलत नाही. आपल्या हाताला आता घरात काम उरलं नाही असं वाटलं की बोलतं. त्यांना विचारून चालणार नाही, "तुम्हाला हवंय का" म्हटलं की त्या नकोच म्हणतील. काम हातात द्यावं लागेल. तुमच्या यजमानांनी आईला आणि लेकीला गाडीत घालून भावाच्या बागेत न्यावं, फांदी कोणती ते आईने दाखवावं आणि मुलाने कापावी. डबा टाकून दिला असेल तर किराणा दुकानात 15 किलोचा रिकामा डबा मिळतो. वरचा पत्रा कापला की कडा धारदार राहते, ती हातोडीने आत वळवून घ्या, लेकीचा हात जाणार आहे तिथे. तळात दोन विटांचे तुकडे घाला, मग वाळू, म्हणजे डबा कलंडत नाही.

आणि कापूस दुकानातला, गुंडाळीचा आणू नका. बागेच्या आसपास कुणाच्या तरी रानात अजून वेचणी चालू असेल. ओंजळभर कापूस मागून घ्या, सरकीसकट. घरी आल्यावर तो सासूबाईंच्या मांडीवर ठेवा, लेकीला त्यांच्यासमोर बसवा, आणि सरकी कशी काढायची ते त्यांना दाखवू द्या.